उत्तरेची भिंत

"तीन सह्या लागतात, भाभी. दोन झाल्यात. पण दोन वेगवेगळ्या कागदांवर झाल्यात," मुनाफ म्हणाला आणि त्याने पेन उघडून हाजराच्या पुढ्यात ठेवलं.

हाजराने पेनाला हात लावला नाही. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातली रविवारची दुपार होती. जोहरची नमाज होऊन गेली होती आणि सोलकरांचं उरलंसुरलं घराणं तिच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलं होतं. उरलंसुरलं म्हणजे चौघं. थोरले इसहाकदादा, बंदरवाडीच्या मशिदीचे मुतवल्ली, म्हणजे कारभारी. धाकटा मुनाफ, अठरा वर्षं दोहाला, आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेला. मधल्या नझीरची विधवा हाजरा, राजापूरच्या शाळेत मराठी शिकवणारी. आणि तिघांच्या डोक्यावर मैमुनाफुफू, सासऱ्यांची बहीण, वय पंच्याऐंशी, कानांनी शाबूत आणि तोंडाने त्याहून शाबूत. मशिदीच्या कारभारात तिन्ही नातवांनी सही करावी आणि मतभेद झाला तर दोघांचं चालावं, असं आजोबांनी लिहून ठेवलं होतं. नझीर गेल्यापासून त्याची सही हाजरा करायची. आजवर ती चटया आणि नळाच्या तोट्या यांच्यापुरतीच लागली होती.

आज मात्र मशीद ठेवायची की पाडायची, हे त्या सहीवर होतं.

इसहाकदादांचा कागद त्यांच्या हातचा होता, वळणदार अक्षरातला. त्यात एकच वाक्य: मशीद जशी होती तशी राखावी. मुनाफचा कागद छापील, रंगीत, आणि त्यावर नव्या मशिदीचं चित्र. हिरवा घुमट, दोन मिनार, संगमरवराची पायरी.

"बघा ना," मुनाफ म्हणाला. "हायवेवरून वळलं की मिनार दिसणार. आज पावणा वाडीत येतो आणि विचारतो, मशीद कुठाय? आणि उभा असतो मशिदीसमोरच!"

हे खरं होतं. बंदरवाडीची मशीद चिऱ्याची, उतरत्या कौलांची. घुमट नाही, मिनार नाही. आत सागवानाचे बारा खांब. बांग देणारा पूर्वी जोत्याच्या कोपऱ्यावर उभा राहायचा आणि खाडीपलीकडे ऐकू जायचं.

"ओळखू येत नाही तर विचारावं. विचारल्याने कुणाची जीभ झिजत नाही," इसहाकदादा म्हणाले. "त्या खांबांना हात लावू देणार नाही मी."

"त्या खांबांवर कमळं कोरलीत, दादा. मशिदीत कमळं! ही बिदअत नाही तर काय?"

"आणि तुझा घुमट? हुजूर पैगंबरांच्या मशिदीला खजुरीच्या खोडांचे खांब होते आणि वर झावळ्यांचं छप्पर. घुमट होता? मिनार होता? सगळं मागाहून आलेलं. धर्मात नव्हतं ते आणून बसवायचं, यालाच बिदअत म्हणतात."

"मग छपरावरचा कर्णा? तो काय मदिन्याहून आला?"

इसहाकदादांनी छपराकडे बघितलं. कर्णा त्यांच्या बाबांनीच बसवला होता आणि त्यापायी अर्धी वाडी सहा महिने त्यांच्याशी बोलत नव्हती. तेव्हाही हाच शब्द फिरला होता. आज तो चहाच्या कपांपेक्षा जास्त वेळा फिरत होता, आणि गंमत अशी की ज्याला जे नको असेल ते बिनचूक बिदअत ठरत होतं.

हाजरा ऐकत होती आणि वाळत घातलेल्या चादरींच्या वर दिसणाऱ्या भिंतीकडे बघत होती. तिचं अंगण संपतं तिथे मशिदीची उत्तरेची भिंत उभी होती. त्या भिंतीला ना खिडकी, ना झरोका. रमजानच्या आधी तिला चुना लावायचा मान सोलकरांच्या बायकांचा. कुंचा चालत नसे. तळव्यांना खोबरेल चोळायचं, चुना ओंजळीत घ्यायचा आणि हाताने सारवायचा. सगळी भिंतही नाही, मधला पट्टा तेवढा. बाकीची गडी रंगवत. असं का, ते हाजराने लग्नानंतरच्या पहिल्याच शाबानात विचारलं होतं. "मान हाय आपला," एवढंच उत्तर फुफूने दिलं होतं. त्याला सव्वीस वर्षं झाली होती. सव्वीस वेळा तिचे तळवे पोळले होते.

त्या मशिदीवर तिचं प्रेम होतं. पण ती आतून कशी आहे हे तिला पुढच्या दारातून दिसेल तेवढंच माहीत होतं.

"भाभी, वरचा मजला बघितलात?" मुनाफने आता खुर्ची तिच्याकडे ओढली. "खास बायकांसाठी. जिना वेगळा, वजूची जागा वेगळी. दोहाला माझी बायको दर शुक्रवारी जुम्याला जाते. इथेच काय ते अडलंय."

हाजराने चित्रातल्या जिन्यावर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

चार वर्षांपूर्वी, आषाढात, नझीर गेला. पाऊस असा की अंगणात उभं राहता येईना, म्हणून जनाज्याची नमाज मशिदीत आत झाली. हाजरा या भिंतीला कपाळ टेकून पावसात उभी होती. आतून चार वेळा 'अल्लाहु अकबर' ऐकू आलं आणि मग माणसं पुढच्या दाराने त्याला घेऊन गेली. शेवटच्या नमाजेत त्याच्या मागे कुठेतरी, सगळ्यात शेवटच्या रांगेत का होईना, उभं राहायचं होतं तिला. तेवढंच. ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "जुन्या मशिदीत बायकांसाठी एक कोपरा करता येईल? एक पडदा. एक दार. एवढं कबूल करा, मी आत्ता तुमच्या कागदावर सही करते. मलाही ती पाडायची नाहीये."

इसहाकदादांचा चेहरा उतरला. त्यांना हाजराची सही हवी होती आणि हाजराबद्दल मायाही होती. पण ते म्हणाले, "हाजरा, जे आपल्यात कधी नव्हतं, ते मी कसं आणू? मुनाफला बिदअत म्हणायचं आणि तुला हो म्हणायचं? लोक तोंडात शेण घालतील."

"कधी नव्हतं हे कशावरून?"

"फुफूला विचार. तिच्याहून जुनं आता कोण आहे? फुफू, बायका कधी मशिदीत जायच्या का गं?"

मैमुनाफुफू सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला.

"नाय," ती म्हणाली. "कदी नाय."

झालं. हाजराला वाईट वाटलं ते नकाराचं नाही, तो फुफूने दिला याचं. निदान एवढी एक बाई आपल्या बाजूची आहे असं ती धरून चालली होती. तिने मुनाफचा कागद पुढे ओढला. पेन उचललं. मशीद जाणार, कमळं जाणार, नझीर लहानपणी ज्या खांबाला धरून गोल गोल फिरायचा तो खांब जाणार. पण जिना येणार. तिने आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.

"दादानू, जरा हिकडं येवा," भिंतीकडून हाक आली.

मुनाफ दचकला. इसहाकदादा त्याच्याहून जास्त दचकले. भागोजी गवंडी लांज्याकडचा. मुनाफने त्याला अंदाज घ्यायला बोलावलंय एवढंच घरात माहीत होतं. आता तो चादरींपलीकडे, माडाच्या सावलीत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन उभा होता आणि त्याच्या हातात खरवडणी होती.

"तू भिंतीला हात लावलास?" इसहाकदादा उठलेच. "सह्या व्हायच्या आत?"

"मी सांगितलं त्याला," मुनाफ म्हणाला. "चिरे आतून कुजलेत ते तुला दाखवायचं होतं. वीतभर चुना काढ म्हटलं होतं."

"वीतभरच काढलो," भागोजी म्हणाला, "पन मंग ऱ्हायलो नाय. तुमीच बगा."

चौघंही गेली. फुफू सगळ्यात मागे, काठी टेकत.

बायकांच्या मानाचा पट्टा भागोजीने डोक्याच्या वरपासून जमिनीपर्यंत खरवडला होता. चुन्याचे थर पोळ्यांच्या चवडीसारखे सुटून खाली पडले होते. आतून लाल चिरा दिसत होता.

"कुजलाय?" मुनाफने विचारलं.

"कुजतोय कसला! लोकंड हाय. पन सांदं बगा." भागोजीने खरवडणीचं टोक टेकवलं. "चिरा रचताना सांद्यावर सांदा कदी येऊ देत नाय. खालच्या दोन चिऱ्यांच्या मदोमद वरचा बसवायचा. आख्ख्या भितीत तसंच हाय. आनी हितं? ह्यो सांदा सरळ खाली गेलाय जमिनीपातूर. हिकडं तीन हातांवर दुसरा, त्यो पन सरळ. वर बगा, लाकूड."

वर, हाजराच्या डोक्याच्या थोडं वर, काळं पडलेलं सागवान होतं. त्याच्यावर एक कमळ कोरलेलं होतं, खांबांवर असतं तसंच.

"ही भित नाय दादानू. ह्यो दरवाजा हाय. कोनी तरी बुजवलाय."

  हाजरा खाली वाकली आणि तिने मातीत हात घातला. भागोजीनेही हात लावला. वीतभर माती निघाली आणि खाली दगडी उंबरठा लागला. मधोमध झिजून खोल झालेला. एक-दोन माणसांच्या येण्याजाण्याने दगड असा झिजत नाही. बाजूला, अंगणाच्या अंगाला, एक बसका दगड होता आणि त्यातून पाणी वाहून जायला कोरलेली पन्हळ. त्या दगडावर हाजरा कपडे धूत आली होती.

"वजूचा दगड," इसहाकदादांच्या तोंडून निघालं. नमाजेआधी हातपाय धुवायला पुढच्या दाराशी पुरुषांसाठी अगदी असाच दगड होता.

आणि हे दार उघडत होतं कुठे? रस्त्यावर नाही, बाजाराकडे नाही. सोलकरांच्या स्वयंपाकघराच्या मागल्या अंगणात. इथून कोण आत जात असेल हे विचारायची गरज नव्हती.

मुनाफने सांध्यावरून बोट फिरवलं. "आतून कसं कळलं नाही इतकी वर्षं?"

"आत कपाट आहे," इसहाकदादा म्हणाले.  "कुराणशरीफ ठेवायचं. आजोबांनी बनवून घेतलेलं. ते कधी हलवायचं नाही, असं बाबा सांगायचे."

 तीस वर्षं ते मशिदीची कुलपं, कौलं, कागद जिवापाड सांभाळत आले होते. मशीद म्हणजे तळहातासारखी पाठ, असं ते सगळ्यांना सांगत. आणि त्यांना एक आख्खं दार माहीत नव्हतं.

"आनी अजून येक," भागोजी म्हणाला. "मदले चिरे कोरडे रचल्यात. चुना नाय, माती नाय. गवंडी असा कदी बुजवीत नाय. ज्यानं बंद केला त्येच्या मनात त्यो परत उगडायचा व्हता."

हाजरा वळली. अंगणात एकच माणूस असं होतं ज्याने तोंडातून हूं की चूं काढलं नव्हतं.

"फुफू," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

मैमुनाफुफू वजूच्या दगडावर बसली होती. तिने तो दगड न बघता शोधला होता.

"मना नको विचारू."

"आत्ता अर्ध्या तासापूर्वी तुम्ही म्हणालात, कधी नाही. माझ्या तोंडावर म्हणालात. मी कागद ओढला तो त्यामुळे." हाजराचा आवाज चढला. शाळेतही तो कधी असा चढत नसे. "सव्वीस वर्षं तुम्ही माझ्या हातांना तेल लावून दिलंत, चुना दिलात, आणि मी माझ्याच हातांनी हे दार लिंपत राहिले? मान म्हणून?"

"हाजरा, जरा दमानं," इसहाकदादा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा, दादा."

जेठाला असं बोललेली सोलकरांची ती पहिलीच सून. इसहाकदादा गप्प बसले.

फुफूने अडकित्ता उघडला आणि मिटला. मग बोलली ती कुणाकडे न बघता.

"मी आठ वर्सांची व्हती. दादीच्या मागना ह्या दारातना आत जायची. पाच-सात बायका असायच्या. मागं पडदा व्हता, माडाच्या हिरांचा. कुणाला काय वाटायचा नाय. मंग नवा मौलवी इला, परमुलखातला. तो म्हनाला, ही बिदअत हाय. रोज म्हनायचा. आमचा बापूस रोज ऐकायचा आनी गप ऱ्हायचा."

"मग?"

"मंग येक जुम्याला माजी कोंबडी सुटली."

मुनाफला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

"तांबडी व्हती. अंड्यावर इलेली. ती ह्या दारातना आत शिरली आनी मी तिच्या मागं. खुतब्याचा परवचन आर्धा झाला व्हता, मौलवी जरा बसला व्हता. कोंबडी थेट मौलवीच्या मांडीवर! मानसा हसली. तो उठला आनी म्हनाला, हीच तुमची मशीद काय? बायका, पोरा, कोंबड्या? दुसऱ्या दिवशी आमच्या बाबांनी दार बंद केला. चिरे त्यांनी हातांनी रचले. आनी मना सांगितला, हे तुज्यामुळं झाला. परत कदी बोलायचा नाय, दार व्हता म्हनून. तुमचा बापूस तवा चौदाचा. त्यानापन तेच सांगितला."

तिने दगडाच्या पन्हळीवरून बोट फिरवलं. "दादी मेली तवर मना कोंबडीवाली म्हनायची. हसत म्हनायची, पन म्हनायची. सगळ्या बायकांचा दार माज्यापायी गेला. कुठल्या तोंडाना सांगू मी?"

सत्त्याहत्तर वर्षं. कोंबडी, जुम्मा आणि एक लहान मुलगी. हाजराला राग आला होता तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. ती फुफूसमोर मातीत बसली आणि तिचे हात धरले. त्या हातांची कातडी तळव्यांशी पांढरी, गुळगुळीत झाली होती. सगळ्यात जास्त चुना त्याच हातांनी लावला होता.

"फुफू, कोंबडीमुळे दार बंद होत नाही. त्यांना ते बंद करायचंच होतं. तुमची कोंबडी सापडली, एवढंच."

"असा म्हनतेस?"

"असंच आहे."

फुफू रडली, तोंड वेडंवाकडं करून, लहान मुलीसारखी. मुनाफने मान फिरवली. त्याने तिला त्याच्या बाबांच्या मयतीतही रडताना पाहिलं नव्हतं.

"आणि चुना?" हाजराने थोड्या वेळाने विचारलं.

"तो दादीचा हट. बाबांनी सगळी भित गड्यांकडनं रंगवायची म्हटला, तर ती म्हनाली, येवढा पट्टा बायका लावतील, आनी हातांनी लावतील. आमाला म्हनाली, दरसाल हात लागला की दार कुठं हाय ते इसरायचा नाय." फुफूने नाक पुसलं. "इसरू नये म्हनून लावायचा व्हता, बाय. मी सुनांना ते सांगितलाच नाय. नुसता लावायला शिकवला."

वाडीच्या टोकाला कुणाचा तरी पंप चालू झाला आणि बंद पडला. मुनाफ उठून कागदाकडे गेला. हाजराच्या सहीचं एक अक्षर त्यावर होतं. जिन्याचा हुकमी पत्ता आपल्या हातातून गेला हे त्याला कळत होतं, आणि तरी त्याला भिंतीवरून नजर काढता येत नव्हती.

"भाभी, नव्या मशिदीतही मोठं दार देतो मी. याहून मोठं," तो म्हणाला, पण त्याचं त्यालाच ते हलकं वाटलं.

हाजराने दुसरा कागद घेतला, इसहाकदादांचा. फुफूच्या शेजारी बसूनच तिने त्यावर सही केली, पूर्ण. मग तो दादांपुढे धरला.

"वाचा, दादा. तुम्हीच लिहिलंय."

"मशीद जशी होती तशी राखावी," इसहाकदादांनी वाचलं.  वाडी काय म्हणेल, जमात काय म्हणेल, जुम्याला कोण उठून काय विचारेल, हे सगळं एका दमात त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. "हाजरा, मला चार दिवस दे. माणसांशी बोलावं लागेल."

"बोला. एकच सांगा मला आधी." ती भिंतीकडे गेली. "नझीरला आणलं तेव्हा जोहरची नमाज व्हायची होती. नमाज होईपर्यंत त्याला कुठे ठेवलं होतं?"

 इसहाकदादांच्या डोळ्यांपुढे ती जागा आली. पुढे कौलं गळत होती. म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, जनाजा मागे घ्या, उत्तरेला, कोरड्यात.

"कपाटाशी," ते म्हणाले.

"किती वेळ?"

"अर्धा तास. थोडा जास्तच."

"मी इथे होते," हाजरा म्हणाली. तिने लाकडाखालच्या पहिल्या चिऱ्यावर तळवा ठेवला. "इथे कपाळ टेकून. पाऊण तास. मला वाटत होतं, तो खूप लांब आहे."

 इसहाकदादांनी टोपी सारखी केली आणि ते मशिदीच्या पुढच्या दाराकडे चालू लागले.

"दादा, कुठे चाललास?" मुनाफने हाक मारली.

"कपाट जड आहे," ते न वळता म्हणाले. "ये हात लावायला."

मुनाफने हातातला रंगीत कागद खुर्चीवर ठेवला आणि तो धावला. थोड्या वेळाने भिंतीच्या आतून लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. एकदा. दुसऱ्यांदा. मग थांबला.

"वैनी, मी काडतो," भागोजी पहार घेऊन पुढे झाला. "जोर लागंल."

"थांबा," हाजरा म्हणाली.

तिने दोन्ही तळवे त्या वरच्या चिऱ्याला लावले आणि ढकलला. पहार लागली नाही, जोरही लागला नाही. चिरा हलला. इतकी वर्षं तो नुसता ठेवलेला होता.